वलद

आमच्या उर्दू शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये विद्यार्थ्याच्या नावाशेजारी बापाच्या नावाचा रकाना असतो. उर्दूत आम्ही त्याला वल्दियत म्हणतो. शब्द अरबी आहे, पण मराठी कागदपत्रांना तो परका नाही. माझ्या आजोबांच्या जमिनीचे जुने कागद अब्बांनी ट्रंकेत जपून ठेवले आहेत. त्यांत 'अमुक वलद तमुक' असे स्वच्छ लिहिलेले आहे. शेजारच्या हिंदू कुळाच्या नावात 'बिन' आहे, आमच्या नावात 'वलद'. लिहिणाऱ्याला अरबी येत नसणार, अंगठा उठवणाऱ्याला तर नाहीच. तरी कोण कोणाच्या पोटचा हे सांगायला दोघांना तेवढा शब्द पुरला.

वलद म्हणजे जन्मलेला. वालिद, वालिदा, मीलाद, मौलूद हे सगळे त्याच घरातले शब्द. बारा-तेरा वर्षे मी हा रकाना भरते आहे आणि या एका शब्दाने मला दोनदा अडवले. एकदा घरात, एकदा वर्गात. वर्गातली गोष्ट आधी सांगते, कारण तिच्यात चूक माझी आहे.

2018 च्या नोव्हेंबरअखेरीस महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना शाळाशाळांतून लस द्यायची होती. आमच्या मोहल्ल्यात मोबाइलवर अफवा पसरली की ही सुई टोचली की मुलांना पुढे औलाद होत नाही. निम्म्या घरांतून नकार आला. हेडमास्तर साहेबांनी आया गोळा केल्या आणि समजावण्याचे काम माझ्यावर टाकले. आता मला स्वतःला औलाद नाही, हे मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत. एक बाई मागून पुटपुटलीच, "इनकू क्या फरक पडता!" मी ऐकले न ऐकल्यासारखे केले.

त्या दिवशी माझी लाज राखली ती लसीकरणाला आलेल्या सिस्टरनी. पन्नाशीच्या, नगरच्याच, ख्रिस्ती. गळ्यात बारीक साखळीत क्रूस. त्या बायकांमध्ये सतरंजीवर बसल्या आणि कोणाकोणाचे बाळंतपण आपण केले ते नावानिशी सांगू लागल्या. "तुझा मोठा पायाळू होता, आठवतं का? तेव्हा माझ्यावर भरवसा ठेवलास, आज का नाही?" तासाभरात बायकांनी होकार दिला. मला जे उर्दूत जमले नाही ते त्यांनी मराठीत केले.

दोन दिवसांनी सुया टोचायचे काम सुरू झाले. व्हरांड्यात टेबल, आत माझा सहावीचा वर्ग पाळीची वाट पाहत बसलेला. मुले घाबरलेली होती आणि घाबरलेली मुले फार बडबड करतात. सिस्टरच्या गळ्यातला क्रूस पाहून विषय ईसाई लोकांवर गेला. एक मुलगा उभा राहिला. "आपा, ईसाई लोगां बोलते, हजरत ईसा खुदा के बेटे हैं. तो फिर खुदा की बीवी कौन?"

वर्ग हसला. मीही हसले.

हसता हसता मान वळवली तर दारात सिस्टर उभ्या. हातात यादी. चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी पुढच्या पाच मुलांची नावे वाचली आणि त्या परत गेल्या. तो प्रश्न विचारणारा मुलगा सुई पाहून रडायला लागला तेव्हा त्याचा हात धरून त्याच्याशी बोलत राहिल्या त्याच. दुपारी मी चहा आणला तर म्हणाल्या, "नको मॅडम, अजून एक शाळा आहे." अजून एक शाळा नव्हती. मला ठाऊक होते.

अरबांचे रिवाज, मक्केतल्या मुश्रिकांचे समज, हे सगळे आम्ही वर्गात शिकवतो. कुरआन शरीफात अल्लाहला औलाद असल्याचे जे खंडन आहे, त्यात मक्केवाल्यांच्या त्या समजाचेही खंडन आहे, ज्यात फरिश्त्यांना अल्लाहच्या बेट्या मानले जाई. सूरह अनआममध्ये तर हाच प्रश्न दलील म्हणून आलेला आहे की जिथे जोडीदारच नाही तिथे औलाद कुठून. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने काही नवे विचारले नव्हते. फक्त कुरआनने जे गांभीर्याने मांडले, त्याचा आम्ही वर्गात विनोद करून टाकला. आणि ज्यांच्यावर केला त्या बाई आमच्याच मुलांच्या दंडाला कापूस लावत होत्या.

महिनाभर मी टाळले. मग जानेवारीत, गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी द्यायची हे निमित्त करून त्यांच्या घरी गेले. नाताळची चांदणी अजून दारावर होती. भिंतीवर एका तरुण मुलाचा फोटो, त्याला हार.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मुलांचं काय मनावर घ्यायचं. तुम्ही हसलात त्याचं वाईट वाटलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "मॅडम, माझी सगळी नोकरी बाळंतपणांत गेली. मूल कसं होतं ते मला कोणी सांगायला हवं का? आम्ही पुत्र म्हणतो तेव्हा तसलं काही म्हणत असू, असं तुम्हाला वाटलंच कसं?"

"मग काय म्हणता?"

"मला नीट सांगता यायचं नाही. लहानपणी शब्बाथ शाळेत पाळकसाहेब सांगायचे, दिवा असला की उजेड असतोच. दिवा आधी आणि उजेड मागून असं नसतं. उजेड दिव्यापासूनच असतो, पण दिव्यापासून तोडता येत नाही. पुत्र तसा."

मला सुटल्यासारखे वाटले. म्हटले, हे तर सोपे आहे. आमच्याकडे मुसाफिराला 'इब्नुस्सबील' म्हणतात, रस्त्याचा मुलगा. कुरआनातच आहे. मराठीत शेतकऱ्याला भूमिपुत्र म्हणतात, म्हणून कोणी जमिनीची कूस शोधत नाही. तसेच तुमचे पुत्र म्हणणे आदराचे, मायेचे असेल तर भांडण कसले?

त्यांनी मान हलवली. "नाही हो. नुसतं कौतुकानं म्हटलेलं असतं तर इतकी शतकं भांडण कशाला चाललं असतं? तसं मानलं तर आमच्या हातात काही उरत नाही."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की मी आजवर ज्या दोन कुलपांनी हा दरवाजा बंद समजत होते, त्यांपैकी एकही त्या दरवाजाला लावलेले नव्हते. पोटी जन्मलेला, असे ते म्हणत नाहीत. मानलेला, गौरवाने संबोधलेला, असेही म्हणत नाहीत.

नंतर मी जमेल तसे वाचत गेले. मी काही आलिमा नाही, बी.एड. झालेली मास्तरीण आहे, तेव्हा जे वाचले ते मास्तरणीच्या डोक्याने वाचले. पहिली गोष्ट अशी सापडली की माझ्या सहावीतल्या मुलाचा प्रश्न बगदादच्या दरबारात विचारला गेला होता. अब्बासी खलीफा अल-महदी आणि पूर्वेकडील चर्चचा धर्मप्रमुख तिमथी यांची दोन दिवस चर्चा झाली, इसवी सन 781-82 च्या सुमारास. तिमथी विद्वान माणूस, खलीफाच्या सांगण्यावरून अरस्तूच्या एका ग्रंथाचा तर्जुमाही त्याने पुरा करवला होता. खलीफाने सुरुवातच या मुद्द्याने केली की तुझ्यासारख्या जाणत्या माणसाने खुदाने बायको करून बेटा पैदा केला असे म्हणावे हे शोभत नाही. तिमथीने उलट विचारले की असली निंदा केली कोणी? मग त्याने दाखले दिले ते सिस्टरच्या पाळकसाहेबांसारखेच: सूर्य आणि त्याचा प्रकाश, मन आणि मनातून निघणारा शब्द. खलीफा पटला नाही. पण त्याने ऐकून घेतले, पुढचा प्रश्न काढला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. हसला नाही, एवढे मी त्या वाचनातून स्वतःसाठी टिपून ठेवले.

दुसरी गोष्ट आमच्याच सीरतच्या किताबांत होती आणि लहानपणापासून ऐकलेली असूनही मी तिच्याकडे नीट पाहिले नव्हते. नजरानच्या ख्रिस्ती लोकांचे शिष्टमंडळ मदिन्यात आले. इब्ने इसहाकने साठ स्वार सांगितले आहेत. त्यांच्या इबादतीची वेळ झाली तेव्हा ते मस्जिदे नबवीतच उभे राहिले, पूर्वेकडे तोंड करून. लोक अडवायला निघाले तर हुजूर (स.) म्हणाले, करू द्या त्यांना. आणि वाद कशावर होता? नेमका यावरच. त्यांचे म्हणणे, ईसांना बाप नाही, मग त्यांचा बाप कोण ते सांगा. उत्तर सूरह आले इमरानमध्ये आले, हजरत आदम (अ.) यांचा दाखला देऊन: बापाशिवाय तर आदमही होते, आणि त्यांना तर आईही नव्हती. मग मुबाहल्याचे आवाहन झाले, म्हणजे दोन्ही बाजूंनी आपापली मुलेबाळे घेऊन यावे आणि जो खोटा असेल त्याच्यावर लानत मागावी. नजरानवाले त्याला तयार झाले नाहीत. त्यांनी तह केला, वर्षाला दोन हजार कपड्यांचे जोड द्यायचे ठरले, धर्म आणि मालमत्ता त्यांच्याकडेच राहिली. आणि जाताना त्यांनी मुसलमानांतलाच एक अमानतदार माणूस मागून घेतला. त्यांच्याबरोबर हजरत अबू उबैदा (र.) यांना पाठवण्यात आले.

म्हणजे एका छताखाली नमाजही झाली, वादही झाला आणि वाद मिटला नाही. आमच्या मौलाना साहेबांना मी हे विचारले तर म्हणाले, "बेटी, लोकांना मुबाहला आठवतो, मस्जिदीतली ती परवानगी आठवत नाही." ते स्वतः वाजात कुठली गोष्ट सांगतात ते मी विचारले नाही.

खुद्द ख्रिस्ती लोकांतही हा शब्द सुखाने नांदलेला नाही. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियात एरियस नावाचा पाद्री म्हणत होता की पुत्र हा निर्मिलेला आहे, तो नव्हता अशीही एक अवस्था होती. त्यावरून साम्राज्य हलले. इसवी सन 325 मध्ये नायसिया गावी शेकडो बिशप जमले आणि त्यांनी ठरवले की नाही, पुत्र निर्मिलेला नाही, तो पित्याच्याच सत्त्वाचा. 2025 मध्ये त्या सभेला सतराशे वर्षे झाली. ते गाव म्हणजे आज तुर्कस्तानातले इझनिक, ज्याच्या निळ्या फरशा इस्तंबूलच्या मशिदींत लागल्या आहेत. एरियसचे वाचताना मला क्षणभर वाटले, हा तर आपला माणूस. पण नाही, त्याने पुत्राला सगळ्या सृष्टीच्या आधीचे आणि वरचे मानले होते. आपल्याकडे हजरत ईसा (अ.) अल्लाहचे बंदे आणि रसूल. कुठे तरी आपला साक्षीदार मिळावा या घाईत आपण माणसे चुकीच्या खात्यात टाकतो.

मराठीत हा प्रश्न सर्वांत धीटपणे विचारला तो पंडिता रमाबाईंनी. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांनी चेल्टनहॅमहून सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रांतून त्या भांडत होत्या: येशूचे देवत्व आणि त्रैक्य हे मला समजल्याशिवाय मी मान्य करणार नाही. ज्यांच्या आश्रयाला होत्या त्यांच्याशीच हा वाद. पुढे त्यांनी ते स्वीकारले, अख्खे बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणले आणि 1922 मध्ये त्या गेल्या. मला त्यांचे अखेरचे मत पटत नाही, हे उघड आहे. पण न समजता मान डोलावणार नाही हा हट्ट मी माझ्या वर्गातल्या मुलींना जरूर सांगते.

आता घरातली गोष्ट.

माझी मोठी बहीण गेली तेव्हा तिचा मुलगा दोन वर्षांचा होता. त्याच्या अब्बांनी वर्षभरात दुसरा निकाह केला, त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. मुलगा आमच्याकडे आला. आमच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षे झाली होती आणि डॉक्टरांनी सांगायचे ते सांगून झाले होते. तो मला अम्मी म्हणू लागला, माझ्या शौहरांना अब्बू. लसीच्या दिवशी तो पहिलीत होता. सिस्टरनी कार्ड भरताना त्याला बापाचे नाव विचारले, त्याने माझ्या शौहरांचे सांगितले. मी पुढे होऊन दुरुस्त केले. त्याच्या देखत. सिस्टरनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि खाडाखोड न करता नवे कार्ड घेतले.

का दुरुस्त केले? कारण सूरह अहजाबमध्ये हुकूम आहे की मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने ओळखा. हजरत जैद (र.) यांना हुजूर (स.) यांनी मुलगा मानले होते, सारी मक्का त्यांना जैद इब्ने मुहम्मद म्हणे. या आयती आल्या आणि ते पुन्हा जैद इब्ने हारिसा झाले. तोंडाने म्हटल्याने कोणी मुलगा होत नाही. माया करा, वाढवा, वसियतीने एक तृतीयांशापर्यंत द्या, पण वंश पुसू नका. या हुकुमात मला इन्साफ दिसतो. माझ्या बहिणीचा आणि त्या माणसाचा हक्क मी रजिस्टरमधून का काढून घ्यावा? पण रकान्यात ते नाव लिहिताना दरवर्षी हात जरा जड होतो, हेही खरेच.

सिस्टरच्या घरून आल्यावर मला उमगले की आपण 'बेटा' शब्दाबाबत इतके काटेकोर का आहोत. आपल्याकडे बेटा म्हणजे रक्त, वारसा, नाव. तो शब्द मायेने उसना देता येत नाही. मग जी उम्मत हजरत जैद यांना खुद्द नबींचा बेटा म्हणायचे थांबते, ती अल्लाहच्या बाबतीत हा शब्द कसा उच्चारील? कुरआनात दोन्ही दरवाजे बंद केलेले आहेत. अल्लाहने औलाद पैदा केली याचेही खंडन आहे आणि अल्लाहने कोणाला औलाद म्हणून 'घेतले' याचेही आहे, आणि हे दुसरे तर वारंवार आहे. हजरत ईसा (अ.) यांचे नाव तिथे येते ते इब्ने मरियम म्हणून. ज्या समाजात ओळख बापावरून, तिथे वल्दियतच्या रकान्यात आईचे नाव. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुली ताठ होऊन बसतात.

सूरह इखलास मी किती वेळा पढली असेल याची गणती नाही. पण डॉक्टरांचा शेवटचा कागद हातात आला त्या रात्री नमाजेत तिसऱ्या आयतीवर आले आणि थांबले. तौबा, मी कुठलीही तुलना करत नाही. फक्त एवढे जाणवले की औलाद नसणे हे ज्या जातीच्या वर्णनात कमीपणा म्हणून नाही तर पूर्णत्व म्हणून आले आहे, तिच्यापुढे मी उभी आहे. मोहल्ल्यात मी 'बिचारी' होते. तिथे नव्हते. दुसऱ्या आयतीत अस्-समद आहे, ज्याला कोणाची गरज नाही आणि ज्याची सगळ्यांना गरज आहे. माणसाला मुलगा हवा असतो तो म्हातारपणाला, जमिनीला, नावाला. सूरह मरियममध्ये हजरत जकरिया (अ.) यांनीही हाडे ठिसूळ झाल्यावर वारस मागितला. अल्लाह म्हातारा होत नाही. माझ्यासाठी हा निव्वळ अकीद्याचा मुद्दा राहिला नाही, मला त्याचा आधार आहे.

म्हणून सिस्टरनी जे सांगितले ते मला इतके जड गेले. दुसऱ्यांदा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या फोटोतल्या मुलाबद्दल विचारले. मोठा मुलगा, एकोणीस वर्षांचा, रात्री मोटारसायकलवर. त्या सांगत होत्या, "लोक समजूत घालायला यायचे. देवाची इच्छा, म्हणायचे. मला राग यायचा. मग एका रात्री प्रार्थनेत तोंडून निघालं, तुझाही गेला ना. तुला ठाऊक आहे कसं असतं." बोलताना त्यांनी फोटोकडे पाहिले नाही. "तुम्ही म्हणता देवाला मुलगा नाही. मग मी कोणाला सांगू?"

मी काही बोलू शकले नाही. त्या क्षणी मला पटले की आमच्यातला खरा फरक बायको-मुलांच्या त्या थट्टेत नव्हताच. त्यांना असा देव हवा ज्याला दुखते. मला असा हवा ज्याला कोणाची कमी नाही. त्यांचा दिलासा पुत्र या शब्दात आहे, माझा त्या शब्दाच्या नकारात. दोन्ही एकदम खरे असू शकत नाहीत, आणि मी माझ्या जागेवरून हललेले नाही.

उत्तर मला घरी परतताना रिक्षात सुचले, उशिरा. आमच्याकडेही मूल गेलेली आई एकटी नसते. हुजूर (स.) यांचे सगळे मुलगे लहानपणीच गेले. मक्केवाले त्यांना 'अबतर' म्हणून हिणवत, ज्याची मुळी तुटली असा, आणि त्यावर सूरह कौसर उतरली. मदिन्यात तान्हा इब्राहीम त्यांच्या हातांत गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिले. ज्याने दुःख भोगले तो आमचा रसूल आहे. ज्याने त्याला सावरले तो आमचा रब. त्यांनी दोन्ही एका ठिकाणी पाहिले, आम्ही वेगळे ठेवले. पुढच्या भेटीत मी सिस्टरना हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "इब्राहीम केवढा होता?" मी म्हटले, दीड-एक वर्षाचा. "अरेरे," म्हणाल्या, सुईणीच्या आवाजात.

मग त्यांनी विचारले, बाप म्हणत नाही तर रात्री हाक कशी मारता? मी सांगितले, या रब, या रहमान. रब म्हणजे पाळणारा. रहमान ज्या धातूतून येतो त्याच धातूतून आईच्या कुशीला रहम म्हणतात, आणि हे नाते हदीसमध्येही सांगितलेले आहे. 99 नावांत बाप हे नाव नाही. सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे बाप नाही, पण कूस आहे." मी घाईने म्हटले, नाही नाही, तसेही नाही, फक्त शब्दाचे नाते आहे. त्या हसल्या. "बघा, आता तुम्हाला समजावता येईना."

त्या वर्गाला, तो सातवीत गेल्यावर, मी बगदादची गोष्ट सांगितली. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मुद्दाम पुढे बसवले. तिमथीने शेवटी दिलेला मोत्याचा दाखलाही सांगितला: अंधाऱ्या घरात मोती पडला आहे, सगळे चाचपडताहेत, प्रत्येकाला वाटते आपल्याच मुठीत मोती आहे, उजेड झाला की कळेल कोणाच्या मुठीत खडा होता. मुले गंभीर झाली. मग तोच मुलगा म्हणाला, "आपा, फिर जीता कौन?" मी म्हटले, खलीफालाही वाटत होते की मोती आपल्याकडे आहे. "हमारे पास ही है ना आपा?" मी म्हटले, हां बेटा, मेरा तो यही ईमान है. पण ज्यांच्या मुठीत तुला खडा वाटतो, त्यांना त्यांची बीवी कोण असे विचारायचे नाही. वर्ग हसला, पण तो मुलगा हसला नाही.

सिस्टर आता निवृत्त झाल्या आहेत. ईदला माझ्याकडून शीरखुर्मा जातो, नाताळला त्यांच्याकडून करंज्या येतात. या विषयावर आम्ही हल्ली बोलत नाही, टाळतो असेही नाही.

मुलगा आठवीत आहे. या वर्षी शिष्यवृत्तीचा फॉर्म त्याने स्वतः भरला. बापाच्या रकान्यात माझ्या बहिणीच्या नवऱ्याचे नाव, आईच्या रकान्यात माझ्या बहिणीचे, ठळक, न चुकता. खाली पालकाचे नाव म्हणून माझ्या शौहरांचे. त्याच्यापुढे नात्याचा रकाना होता. त्याने तोंडाने न विचारता माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, खालू. त्याने लिहिले. मग पेन उघडे धरून तो बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत बसला, आणि मीही.